मरणाची आठवण आणि जगण्याचा हिशेब

भोपाळचा गोविंदपुरा हा भेल (भारत हेवी इलेक्ट्रिकल्स) या सरकारी कंपनीचा कारखाना आणि त्याच्या वसाहतींचा भाग. २ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री युनियन कार्बाइडच्या कीटकनाशक कारखान्यातल्या टाकीतून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला, तेव्हा त्याचा मुख्य लोट इकडे नाही, तर जुन्या शहरावर गेला. तिथं डोळे चुरचुरले, ठसका लागला. कुणीतरी मिरच्या जाळतंय असं वाटून लोक जागे झाले आणि वाट फुटेल तिकडे पळत सुटले. हजारो जण दगावले. एकाच शहरात वाऱ्याच्या दिशेनं कोण वाचणार ते ठरलं.

मरण असं जवळून पाहिलं की आयुष्याची किंमत कळते, असं आपण सर्रास म्हणतो. मानसशास्त्र त्याला अर्धाच दुजोरा देतं.

१९८५ च्या सुरुवातीला वायुबाधित भागांतल्या दवाखान्यांत आलेल्या ८५५ रुग्णांची मानसिक तपासणी झाली. सुमारे २२ टक्क्यांना नैराश्य, चिंता यांसारखे आजार आढळले. पुढे बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञांनी तिथल्या डॉक्टरांना मनाचे आजार ओळखायला शिकवलं. म्हणजे नुसत्या भीतीनं माणूस शहाणा होत नाही, बऱ्याचदा खचतो.

दुसरी बाजू २०११ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात दिसली. काहींना सांगितलं: मित्राच्या विसाव्या मजल्यावरच्या घरात तुम्ही झोपला आहात, आग लागली आहे, सुटका नाही, आता मागं वळून आयुष्याकडे पाहा. तुलनेसाठी इतरांना रोजच्या दिनक्रमावर लिहायला लावलं. मरणाचं चित्र डोळ्यांसमोर आणणाऱ्यांच्या मनातली कृतज्ञता वाढली.

कारण साधं आहे. जे मुबलक, ते मन गृहीत धरतं. संपत आलं की तेच मोलाचं होतं. मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेनसन यांचा सिद्धांतही हेच सांगतो: उरलेला वेळ थोडा वाटला की माणूस नव्या ओळखी, प्रतिष्ठा बाजूला ठेवून जिव्हाळ्याच्या माणसांकडे वळतो. वृद्धांमध्ये हे दिसतंच. २००३ मध्ये हाँगकाँगला सार्सची साथ आली, तेव्हा तरुणांचा कलही तसाच झाला.

मात्र हा परिणाम टिकेलच असं नाही. आपल्याकडचं स्मशानवैराग्यही घरी आंघोळ होईपर्यंतच टिकतं. शिवाय मृत्यूची आठवण करून देणारे काही गाजलेले प्रयोग पुन्हा केल्यावर तोच निकाल आला नाही. त्यामुळे दावे बेतानंच करावेत.

तरी एक गोष्ट घरी करून पाहता येते. ज्यांना भेटायचं राहून गेलंय अशांची नावं कागदावर लिहा आणि पहिल्या नावाला आजच फोन लावा. पण जो नुकताच संकटातून गेलाय किंवा निराशेत आहे, त्याला मरणाचे धडे देऊ नका. त्याला डॉक्टरांकडे न्या.