खेळांच्या संमेलनास प्रथमच जाणाऱ्यांसाठीं

चिंचणीच्या एखाद्या विद्यार्थ्यानें घरीं येऊन सांगितलें कीं, "आई, गोरेगांवला खेळांचें मोठें संमेलन भरणार आहे, मला जावयाचें आहे," तर घरांत पहिला प्रश्न निघतो तो हा कीं, खेळ तर येथेंही खेळतां येतात, मग त्यासाठीं मुंबई कशाला? प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर न शोधतां मुलास पाठविणें किंवा अडविणें हीं दोन्ही सारखींच चुकीचीं होत. म्हणून असें संमेलन म्हणजे काय, तेथें प्रथमच जाणाऱ्यानें तयारी कोणती करावी आणि तेथून रिकाम्या हातानें परत येऊं नये यासाठीं काय करावें, याचा विचार येथें केला आहे.

इंग्रजींत ज्यास गेमिंग कन्व्हेन्शन म्हणतात, तें खेळ खेळणाऱ्यांचें, खेळ रचणाऱ्यांचें आणि खेळ विकणाऱ्यांचें एकत्र येणें होय. त्यांत कांहीं खेळ पडद्यावरचे असतात, कांहीं पटावरचे, कांहीं पत्त्यांचे. एका बाजूस नवे खेळ मांडलेले असतात, दुसऱ्या बाजूस कोणासही बसून खेळतां येईल अशीं मेजें असतात आणि मोठ्या व्यासपीठावर स्पर्धा चालतात. साहित्यसंमेलनांत जसे ग्रंथविक्रेते, लेखक आणि वाचक एका मांडवाखालीं येतात, तसाच हा प्रकार आहे.

या प्रथेचा उगम मोठ्या भांडवलांत नाहीं, हें आरंभींच सांगितलें पाहिजे. अमेरिकेंतील विस्कॉन्सिन संस्थानांत लेक जिनीव्हा या लहानशा गांवीं १९६८ सालीं गॅरी गायगॅक्स या गृहस्थानें तेथील हॉर्टिकल्चरल हॉल पन्नास डॉलर भाड्यानें घेऊन खेळगड्यांचा मेळावा भरविला. तोच पुढें जेनकॉन या नांवानें जगप्रसिद्ध झाला. जर्मनींतील एसेन शहरीं १९८३ पासून पटावरील खेळांचें प्रदर्शन भरत आलें आहे, आणि २०१९ सालीं तेथें दोन लाखांहून अधिक लोकांची ये-जा झाली. स्वीडनमधील मालुंग या गांवीं तर एका प्राथमिक शाळेच्या तळघरांत कांहीं वर्गमित्र आपापलीं संगणकयंत्रें घेऊन जमूं लागले. १९९४ सालीं त्यांचा मेळावा शाळेच्याच भोजनगृहांत भरला आणि त्याचें नांव ड्रीमहॅक पडलें. शाळेच्या तळघरांतून निघालेलें हेंच संमेलन डिसेंबर २०१८ मध्यें गोरेगांवच्या नेस्को प्रदर्शनगृहांत येऊन पोंचलें. पटावरील खेळांसाठीं मीपलकॉन नांवाचें निराळें संमेलनही मुंबईंत भरलेलें आहे.

आतां तयारीविषयीं. पहिली गोष्ट, आपण कशासाठीं जात आहों तें घरींच ठरवावें. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या यात्रेस जो कांहीं न ठरवितां जातो, त्यास गर्दी आणि धूळ एवढेंच दिसतें; ज्यास दर्शन घ्यावयाचें आहे किंवा घोंगडी विकत घ्यावयाची आहे, तो आपलें काम उरकून सुखानें परततो. येथेंही तसेंच आहे. संमेलनाचें पत्रक अगोदर मिळवून त्यांतील वेळापत्रक वाचावें आणि दिवसभरांत कराव्याशा वाटणाऱ्या तीनच गोष्टी कागदावर लिहाव्या. दहा लिहिल्यास त्यांतील एकही धड होत नाहीं.

स्पर्धेंत भाग घ्यावयाचा असेल तर नांवनोंदणी बहुधा कांहीं दिवस आधींच संपते. दारावर जाऊन विनवणी केल्यानें ती उघडत नाहीं. वयाची अट आहे कीं काय, पालकांची संमति लागते कीं काय, हें नियमपत्रकांत पाहून घ्यावें. तिकीट मोबाइलवर येत असलें तरी त्याची छापील प्रत खिशांत ठेवावी, कारण गर्दीच्या ठिकाणीं मोबाइलचें जाळें क्षीण होतें आणि नेमकें दारावरच तिकीट उघडत नाहीं. शाळेचें ओळखपत्रही बरोबर असावें.

दुसरी गोष्ट प्रवासाची. आणि आपल्या भागांतील माणसास ती सर्वांत महत्त्वाची आहे. चिंचणीस रेल्वे नाहीं. वाणगांव किंवा बोईसर गाठावें लागतें. १६ एप्रिल २०१३ पासून लोकल गाड्या डहाणू रोडपर्यंत येऊं लागल्या, ही मोठी सोय झाली. परंतु विरारच्या पलीकडे या गाड्या थोड्या आहेत. मुंबईकरास एक गाडी चुकली तर तो पांच मिनिटें थांबतो. आपल्याकडच्यास एक गाडी चुकली तर तास-दीड तास सहज फलाटावर काढावा लागतो. म्हणून जाण्याच्या आधीं परतीची गाडी ठरवावी. नेहमीची गाडी एक आणि ती चुकल्यास धरावयाची दुसरी, अशा दोन वेळा लिहून घ्याव्या; आणि बोईसरला उतरल्यावर चिंचणीपर्यंतचें वाहन रात्रीं मिळेल कीं घरच्या कोणास घ्यावयास यावें लागेल, हेंही तेव्हांच बोलून ठेवावें.

हें इतकें निक्षून सांगण्याचें कारण असें कीं, मोठ्या स्पर्धांचे अंतिम सामने बहुधा संध्याकाळीं लांबतात. सारें सभागृह उभें राहून ओरडत असतें, आणि अशा वेळीं उठून निघणें मोठ्यांसही जड जातें. हा निर्णय त्या घटकेवर सोपवूं नये. तो घरीं शांतपणें झालेला असला म्हणजे पाय आपोआप निघतो. जो मुलगा सांगितल्या वेळेस घरीं येतो, त्यास पुढच्या वर्षीं जाण्याची परवानगी मागावी लागत नाहीं.

नेस्कोस जावयाचें असल्यास बोरिवलीस उतरून धिमी लोकल धरावी. गोरेगांव आणि जोगेश्वरी यांच्या दरम्यान २२ डिसेंबर २०१६ रोजीं राममंदिर हें स्थानक सुरू झालें, तें किंवा गोरेगांव सोयीचें पडतें. दोन्हीकडे पूर्वेच्या बाजूस बाहेर पडावें.

तिसरी गोष्ट बरोबर घ्यावयाच्या सामानाची. सामान जितकें थोडें तितकें बरें. वापरून सैल झालेले जोडे घालावे; नव्या जोड्यांनीं दुपारपर्यंत टाचेस फोड येतो. बऱ्याच सभागृहांत बाहेरचे खाद्यपदार्थ नेऊं देत नाहींत आणि आंतील पदार्थ महाग असतात. म्हणून घरून नेलेली भाजी-भाकरी दाराबाहेर किंवा गाडींतच खाऊन घ्यावी. पाण्याची बाटली असावी. दारावर अडविल्यास ती रिकामी करून नेऊं देतात कीं काय तें विचारावें. मोबाइल भारित करण्याची पेटी, रुमाल, आणि वातानुकूलित हवा न सोसणाऱ्यास एखादा जाडसर सदरा, इतकें पुरे. घरचा दूरध्वनि क्रमांक कागदावर लिहून खिशांत ठेवावा, कारण मोबाइल बंद पडला कीं पाठ नसलेला क्रमांक आठवत नाहीं. पैशांचे दोन भाग करावे: परतीच्या प्रवासाचे निराळे, आणि त्यांस कांहीं झालें तरी हात लावूं नये.

चौथी गोष्ट, आंत गेल्यावर काय करावें. प्रथम अर्धा तास कांहींही विकत न घेतां आणि कोठेंही न बसतां एक फेरी मारावी. पाणी, प्रसाधनगृह, स्वयंसेवकांचें मेज आणि बाहेर पडण्याचे मार्ग पाहून ठेवावे. बरोबरच्या मंडळींशीं चुकामूक झाल्यास कोठें भेटावयाचें तें ठरवावें. मुलींनीं आणि लहान मुलांनीं दोघां-तिघांनीं मिळून राहावें, आणि कोणी त्रास दिल्यास संकोच न करतां स्वयंसेवकांकडे जावें. तें मेज त्यासाठींच असतें. कांहीं लोक आवडत्या पात्रांचीं सोंगें घेऊन येतात. त्यांस हंसूं नये, आणि विचारल्यावांचून त्यांचें छायाचित्र घेऊं नये.

येथपर्यंतच्या सूचना कोणीही देईल. खरी अडचण याच्या पुढें येते. लहान गांवाहून आलेला मुलगा त्या झगमगाटांत शिरतो, सभोंवार इंग्रजी बोलणारीं शहरी मुलें दिसतात, आणि त्याच्या मनांत येतें कीं, हें आपल्यासाठीं नव्हे. मग तो दिवसभर लोकांच्या खांद्यांवरून डोकावत हिंडतो, एखादी महाग वस्तु विकत घेतो, आणि एकही खेळ न खेळतां घरीं येतो. तिकिटाचे पैसे गेले याचें फारसें दुःख नाहीं. पण ही जागा आपली नव्हे, ही समजूत घेऊन तो परतला, हें नुकसान फार मोठें आहे. तें टाळण्यासाठीं करावयाचें तें इतकेंच कीं, एक मेज निवडावें आणि तेथें बसावें.

बसण्याची रीत सोपी आहे. मेजाजवळ जाऊन, "जागा आहे का? मी पहिल्यांदाच खेळतों आहे," असें मराठींतच विचारावें. नवख्यास शिकविण्यासाठींच तेथें माणसें नेमलेलीं असतात. पहिल्यांदा येणारा हाच त्यांचा खरा पाहुणा असतो. खेळास किती वेळ लागेल हें बसण्यापूर्वीं विचारून घ्यावें, कारण कांहीं खेळ वीस मिनिटांत आटोपतात तर कांहीं तीन-चार तास चालतात, आणि मधेंच उठून जाणें हा इतर गड्यांचा रसभंग होय. नियम कळला नाहीं तर दुसऱ्यांदा विचारावा. तेलकट हातांनीं पत्त्यांस किंवा सोंगट्यांस शिवूं नये. पडद्यावरच्या खेळास रांग असते. आपली पाळी संपली कीं हातांतील यंत्र पुढच्यास द्यावें. पहिला डाव हरण्यासाठींच असतो असें समजून खेळावें, आणि हरल्यावर समोरच्याचें अभिनंदन करून, आपण कोठें चुकलों तें विचारावें. तो बहुधा आनंदानें सांगतो.

शिवाय, हीं मेजें आपल्या माणसास परकीं वाटण्याचें कारणही नाहीं. ज्यास आज घरोघर लुडो म्हणतात तो खेळ आपल्या पचिशीवरूनच इंग्लंडांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तयार झाला. सावंतवाडीस लाखकामाचे गंजिफांचे गोल पत्ते आजही हातांनीं रंगविले जातात. आजीच्या ओटीवर कवड्या टाकून ज्यानें सोंगटी घरांत आणिली आहे, त्यास डाव, दान, घर आणि मारणें या कल्पना नव्यानें शिकाव्या लागत नाहींत. नांवें तेवढीं बदललेलीं असतात.

दुसरा लाभ खेळ रचणाऱ्यांच्या भेटीचा. लहान मंडळ्यांचे रचनाकार बहुधा स्वतःच आपल्या मेजाशीं उभे असतात. त्यांस विचारावें कीं, हा खेळ किती जणांनीं केला, किती काळ लागला, चित्रें कोणीं काढलीं, संगीत कोणीं दिलें. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळीनें रचलेला 'राजी' हा खेळ २०२० सालीं जगभर प्रसिद्ध झाला. त्याच्या आधीं, २०१७ मध्यें, लोकवर्गणीनें पैसा उभारण्याचा त्यांचा प्रयत्न फसला होता. तरी त्यांनीं काम सोडलें नाहीं. पौराणिक कथा आणि पहाडी शैलीचीं चित्रें यांवर त्या खेळाची उभारणी आहे. चित्रकला, गणित, संगीत आणि गोष्ट सांगण्याची हातोटी या चारही गोष्टी आपल्या शाळांतील मुलांच्या ठायीं असतात. त्यांचा असा उपयोग होतो हें मात्र प्रत्यक्ष पाहिल्यावांचून पटत नाहीं. मुलास मुंबईस कां पाठवावें, या आईच्या प्रश्नाचें उत्तर येथें आहे.

वडील मंडळींच्या मनांत आणखी एक भीति असते, ती जुगाराची. ती निराधार नाहीं. पण खेळ आणि जुगार यांतील भेद आतां कायद्यानेंही सांगितला आहे. ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें संमत केलेल्या कायद्यानें पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस मनाई केली, आणि ई-स्पोर्ट्स म्हणजे कौशल्याच्या पडद्यावरील स्पर्धांस निराळें स्थान दिलें. म्हणून मुलास एवढाच नियम घालून द्यावा: जेथें पैसे लावून पैसे मिळविण्याची भाषा निघेल, तेथून उठावें. प्रवेशशुल्क देऊन स्पर्धेंत उतरावयाचें असल्यास तें शुल्क कशाचें आणि बक्षीस कोण देतो हें वडिलांस दाखवूनच नांव द्यावें. बाकी गोंगाटानें डोकें दुखूं लागल्यास तासाभरानें बाहेर मोकळ्या हवेंत यावें, आणि पडद्यावरून दृष्टि काढून दूरवर पाहावें.

परतीच्या गाडींत विरार सुटल्यावर गर्दी ओसरते. तेव्हां वही काढून, काय खेळलों, कोणाकडून काय शिकलों, आणि कोणता खेळ पुन्हा खेळावासा वाटतो, हें चार ओळींत लिहून ठेवावें. दुसऱ्या दिवशीं झोप पुरी झाली कीं त्यांतील एक खेळ चिंचणींतल्या आपल्या मित्रांस शिकवावा. पट नसेल तर पुठ्ठ्यावर आंखावा, सोंगट्या नसतील तर समुद्रकांठचे शिंपले घ्यावे. घरच्या मंडळींसही एका डावास बसवावें. मूल काय पाहून आलें हें आईस सांगण्याचा याहून चांगला मार्ग नाहीं. आणि पांच-सहा जणांस गोडी लागली, तर शाळेच्या मुख्याध्यापकांकडे जाऊन सुटीच्या दिवशीं एखादी खोली मागावी. मालुंगच्या मुलांनींही प्रथम एवढेंच केलें होतें.