एका नदीचा मासा, दुसऱ्या नदीत

कर्नाटकात अर्कावती कावेरीला मिळते, त्या संगमापासून जवळच गालिबोरे नावाची जागा आहे. कर्नाटक सरकारच्या 'जंगल लॉजेस'ची तिथे गळाने मासे धरणाऱ्यांसाठी छावणी होती. देशोदेशीचे हौशी लोक येत, हरगोलात बसून पात्रात जात आणि गळाला नाचणीच्या उकडीचा गोळा लावून महसीरची वाट बघत. मासा लागला की त्याचं वजन करायचं, एखादा फोटो काढायचा आणि तो परत पाण्यात सोडायचा, असा छावणीचा नियम होता. गळ किती तास टाकला, किती मासे लागले, कोणत्या वजनाचे आणि कोणत्या प्रकारचे, हे वहीत टिपलं जाई. १९९८ ते २०१२ या काळातल्या नोंदींची बेरीज २३,६२० तास आणि ६,१६१ मासे अशी भरते. त्यांतला सर्वांत लहान मासा एक पौंडाचा, तर सर्वांत मोठा १०४ पौंडांचा, म्हणजे सुमारे ४७ किलोंचा होता.

ही वही काही संशोधनासाठी ठेवलेली नव्हती. पण आपल्याकडे गोड्या पाण्यातल्या एकाच माशाची, एकाच जागची, इतकी वर्षं सलग ठेवलेली मोजदाद शोधून सापडायची नाही. वाघ मोजायला कॅमेरे लावता येतात, पाणपक्षी दुर्बिणीने मोजता येतात. गढूळ, वेगवान पाण्यात तळाशी फिरणारा मासा मोजायचा तर तो पकडावाच लागतो, आणि तेवढे तास पाण्यात काढायला कुठल्या प्रकल्पाकडे पैसे असतात? हौशी लोक मात्र ते तास पदरचे पैसे मोजून काढत होते. इंग्लंडमधल्या बोर्नमथ विद्यापीठाचे एड्रियन पिंडर, केरळचे राजीव राघवन आणि त्यांचे सहकारी या नोंदींच्या अभ्यासाला बसले. २०१५ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

सगळे महसीर एकत्र धरून केलेलं पहिलं वाचन आनंदाचं होतं. दर तासाला लागणाऱ्या माशांची संख्या वर्षागणिक वाढत होती आणि सरासरी वजन घटत होतं. वजन घटणं हे वरवर वाईट वाटतं, पण इथे त्याचा अर्थ असा होता की नदीत पिल्लं मुबलक तयार होत आहेत. पूर्वी सुरुंगाचे बार उडवून मासे मारणारेच काही जण छावणीत वाटाडे आणि राखणदार झाले होते. त्यांचा पहारा आणि मासा सोडून देण्याचा नियम, दोन्ही लागू पडले होते. कुठल्याही संवर्धन प्रकल्पाच्या अहवालात शेवटचं पान म्हणून शोभेल, असा हा निष्कर्ष.

वहीत 'प्रकार' हा रकाना नसता, तर गोष्ट इथेच संपली असती.

गालिबोरेच्या गळांना दोन तऱ्हेचे महसीर लागत. एकाचे पर निळसर करडे. दुसऱ्याचे पर आणि शेपटी नारिंगीकडे झुकणारी, अंगावर सोनेरी झाक आणि डोक्यामागून एकदम उंच उठणारी पाठ, बैलाच्या वशिंडासारखी. कावेरीचे जे महाकाय मासे जगभर प्रसिद्ध झाले ते हे वशिंडवाले. मद्रास इलाख्यातला सनदी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस याने १८७३ मध्ये 'द रॉड इन इंडिया' या पुस्तकातून त्यांचा बोलबाला केला. १९४६ मध्ये म्हैसूरच्या व्हॅन इंगेन कुटुंबातल्या एकाने कबिनी नदीत धरलेला १२० पौंडांचा मासा आजही या वर्गातला विक्रम मानला जातो.

दोन्ही प्रकारांचे आकडे वेगळे मांडले, तेव्हा चित्र दुभंगलं. वाढत होते ते निळ्या परांचे महसीर. वशिंडवाले दुर्मीळ होत चालले होते, आणि जे लागत त्यांचं सरासरी वजन वर्षागणिक चढत होतं. म्हणजे गळाला येत होती ती म्हातारी मंडळी. त्यांच्या मागून कोणी वाढत नव्हतं. एकाच पाण्यातल्या, एकाच वहीतल्या दोन माशांपैकी एकाचं वजन घटणं ही सुवार्ता होती आणि दुसऱ्याचं वाढणं हा धोक्याचा इशारा. एकत्र बेरजेत एकाच्या भरभराटीने दुसऱ्याचा ऱ्हास झाकून टाकला होता.

मग प्रश्न येतो तो निळ्या परांच्या माशाचा. तो कावेरीत आला कुठून? इथे गोष्ट आपल्या दारात येते.

ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातला विल्यम हेन्री सायक्स याला १८२४ मध्ये मुंबई सरकारने दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करायला नेमलं. शेतसारा, लोकसंख्या, हवामान हे करता करता त्याने पक्षी, सस्तन प्राणी आणि मासेही टिपले. त्याचं माशांवरचं काम १८३९ च्या सुमारास लंडनमध्ये छापलं गेलं. पुण्याच्या पूर्वेला सुमारे आठ मैलांवर मुळा-मुठेत मिळालेल्या एका महसीरचं वर्णन त्यात आहे. माशांना शास्त्रीय नावं देताना सायक्सने बऱ्याचदा इथलीच नावं जशीच्या तशी उचलली, त्यामुळे हा मासा विज्ञानात 'खुद्री' म्हणून नोंदला गेला: टॉर खुद्री. दख्खनचा महसीर तो हाच, निळसर परांचा. महाड तालुक्यातल्या वाळण कोंडीत किंवा वाड्याजवळ तिळसे इथे देवाचे मासे म्हणून लोक ज्यांना चुरमुरे घालतात, तेही महसीरच.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या माशाची अवस्था बिकट झाली होती. धरणांनी वाटा अडवल्या, विषप्रयोग आणि सुरुंग यांनी डोह रिकामे केले. महसीरची वीणही नाजूक. रोहू-कटला लाखांनी अंडी घालतात, तर महसीरची अंडी त्या मानाने थोडी, मोठी आणि जड असतात. ती तळाच्या दगडगोट्यांत जाऊन बसतात आणि त्यांना स्वच्छ, वाहतं, प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं. वर गाळ बसला की खेळ संपला.

लोणावळ्याच्या परिसरात टाटांच्या वीजप्रकल्पासाठी बांधलेल्या वळवण आदी तलावांत मात्र हा मासा टिकून होता. मत्स्यतज्ज्ञ डॉ. चं. वि. कुलकर्णी यांनी तिथे त्याच्या विणीचा बारकाईने अभ्यास केला. पावसाळ्यात जाळ्यात आलेल्या पिकल्या मादीचं पोट हलक्या हाताने दाबून अंडी काढायची, त्यांवर नराचं वीर्य मिसळायचं आणि ती अंडी वाहत्या पाण्याच्या पाट्यांमध्ये पसरून जपायची. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी फलित अंडी पाण्याशिवाय, नुसत्या ओल्या कापसात गुंडाळून विमानाने पाठवता येतात हेही दाखवलं. पाण्याने भरलेल्या पिशव्यांचं ओझं गेलं आणि लोणावळ्याचा महसीर दूरदूरच्या राज्यांत पोहोचू शकला. वळवणच्या केंद्रातून निघालेल्या बोटुकलीची, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लांची, संख्या पुढच्या दशकांत लाखांत गेली. माझ्या मते हे महाराष्ट्रातल्या मत्स्यविज्ञानाचं एक देखणं काम आहे, आणि पुढे जे झालं त्यामुळे त्याची किंमत कमी होत नाही.

त्यातलीच काही बोटुकली १९७० च्या दशकापासून कावेरीत सोडली गेली. दक्षिणेतल्या वन्यजीवप्रेमी संस्थांना नदीतले महसीर वाढवायचे होते, लोणावळ्याकडे बीज होतं. महसीर म्हणजे महसीर, अशीच तेव्हाची समजूत. कृष्णेच्या खोऱ्यातला मासा कावेरीच्या खोऱ्यात सोडताना आपण परका प्राणी आणतो आहोत, असं कुणाच्या मनात येण्याचं कारण नव्हतं.

वशिंडवाल्याच्या घसरणीला एवढंच कारण आहे, असं म्हणणं घाईचं होईल. कावेरीवर धरणं आहेत, वाळूउपसा आहे, शेतीसाठी पाणी ओढलं जातं, सुरुंग आहेतच. पण हे सगळं निळ्या परांच्या माशालाही भोगावं लागत होतं, आणि तो तर वाढत होता. त्यामुळे संशोधकांचा रोख बाहेरून सोडलेल्या बीजाकडे गेला. जागेसाठी, खाण्यासाठी दोघांत चढाओढ, शिवाय संकराची शक्यता.

यावर उपाय करायचा तर सरकारदरबारी, निदान धोक्यातल्या जातींच्या जागतिक 'लाल यादी'त, वशिंडवाल्याची नोंद हवी. तिथे वेगळीच अडचण निघाली. दीडशे वर्षं लोक ज्याच्यासोबत फोटो काढत होते, त्या माशाला शास्त्रीय नावच नव्हतं. काही जण त्याला सायक्सच्याच यादीतल्या 'मुसुल्ला'चं नाव देत, पण तपासाअंती मुसुल्ला हा मुळात महसीरच नाही, असं दिसून आलं. ज्याला नाव नाही त्याचं मूल्यमापन होत नाही. एवढा मोठा मासा कागदावर अस्तित्वातच नव्हता.

नमुना हवा होता आणि कावेरीच्या मुख्य पात्रात तो मिळेनासा झाला होता. अखेर कावेरीच्या खोऱ्यातल्याच मोयार नदीत, निलगिरीच्या उत्तरेला जंगलातून वाहणाऱ्या पाण्यात, वशिंडवाले महसीर सापडले. त्यांची मोजमापं आणि डीएनए तपासल्यावर ते जुळले ते केरळातल्या पांबार या कावेरीच्याच उपनदीतून २००७ मध्ये वर्णन केलेल्या 'टॉर रेमादेवी' या जातीशी. मत्स्यशास्त्रज्ञ के. रेमा देवी यांच्या सन्मानार्थ ते नाव दिलं होतं. ते वर्णन लहान माशांवरून केलेलं असल्याने, हीच पिल्लं पुढे माणसाएवढ्या वजनाची होतात हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. हा शोधनिबंध २०१८ मध्ये आला. लेखकांत पिंडर आणि राघवन यांच्यासोबत पुण्याचे नीलेश डहाणूकर होते. त्याच वर्षी लाल यादीत हा मासा 'अतिसंकटग्रस्त' म्हणून नोंदला गेला. खुद्री तिथे २०११ मध्ये 'संकटग्रस्त' होता. त्याचं स्थान नंतरच्या मूल्यमापनात 'कमी चिंतेचा' असं बदललं.

म्हणजे ज्याला वाचवायला निघालो तो सावरला आणि ज्याच्या घरात त्याला नेऊन सोडलं त्याचं घर धोक्यात आलं. इथे खलनायक शोधण्यात अर्थ नाही. पण आजही एखाद्या तलावात, नदीत 'मत्स्यबीज सोडण्याचा' समारंभ होतो, पाहुण्यांच्या हातून पिशव्या रिकाम्या केल्या जातात, तेव्हा बीज कोणत्या खोऱ्यातलं, हा प्रश्न विचारणारा माणूस मंचावर क्वचितच असतो.

आता संशोधकांचं म्हणणं आहे की कावेरीत खुद्री सोडणं थांबवावं. रेमादेवीचं बीज तयार करायचं तर लोणावळ्याचं तंत्र उपयोगी पडेलच, पण त्याला आधी पिकलेले नर-मादी हवेत, आणि ते मोजक्या ठिकाणी उरलेल्या माशांतून काढायचे म्हणजे मुद्दलालाच हात घालणं. दरम्यान संरक्षित जंगलांतली गळाची मासेमारी वन्यजीव कायद्याखाली बंद झाली. वन्यजीवांच्या अभयारण्यात कुणी हौसेखातर मासे धरू नयेत, हे तत्त्व म्हणून पटण्यासारखं आहे. पण छावण्यांबरोबर वाटाड्यांचा रोजगार आणि त्यांचा पहाराही गेला. गालिबोरेच्या नोंदी २०१२ मध्ये संपतात, त्या याच कारणाने.