फुकटच्या खेळाची किंमत

नंदुरबारला आमच्या वहिनींच्या खात्यातून गेल्या उन्हाळ्यात दोन दिवसांत चारशे रुपये गेले. बँकेत काही घोटाळा झाला, म्हणून त्या घाबरल्या. निघाले असे की, सातवीतल्या पुतण्याने फुगे फोडण्याच्या एका मोबाइल-खेळात ‘जीव’ विकत घेतले होते. पिन त्याला ठाऊकच होता. विजेचे बिल तोच भरून देतो ना! खेळ फुकट आहे, असे तो पुन्हा पुन्हा सांगत होता आणि ते खोटेही नव्हते.

पूर्वी हिशोब सरळ होता. १९९० साली विंडोजबरोबर पत्त्यांचा सॉलिटेअर आला, १९९२ साली सुरुंग शोधण्याचा माइनस्वीपर. त्यांचे वेगळे पैसे नव्हते. २००१ च्या बिज्वेल्डसारखा रत्ने जुळवण्याचा खेळ आधी थोडा खेळून पाहायचा, आवडला तर एकदाच पैसे भरायचे. पुढे २०१५ च्या विंडोज १० मध्ये त्याच सॉलिटेअरमध्ये जाहिराती शिरल्या. नको असतील तर वर्गणी भरा!

मोबाइलवर तर प्रकार किती! लुडो, कॅरम, कोडी, गोळ्या जुळवणे, बहुतेक फुकट. नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीचा २०१६ सालचा लुडो किंग २०२० च्या टाळेबंदीत घरोघरी पोहोचला. २०१२ च्या कँडी क्रश सागामध्ये पाच जीव मिळतात. संपले की एक जीव परत यायला अर्धा तास लागतो. थांबवत नसेल तर पैसे द्या. मोठ्यांना अर्धा तास काहीच नाही, मुलाला तो सरता सरत नाही. आणि दुकान नेमके तिथेच मांडलेले असते. (धडगावकडच्या पाड्यांत रेंज गेली की नेटशिवाय चालणारे खेळच उरतात. त्यात जाहिरातीही सहसा येत नाहीत!)

तेव्हा भगिनींनो, खेळ उतरवण्यापूर्वी प्ले स्टोअरवर त्याच्या नावाखाली ‘ॲपमधील खरेदी’ असे लिहिले आहे का ते पाहा. प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागण्याची सोय तिथल्या सेटिंगमध्ये असते, ती चालू ठेवा. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ ही निराळीच गोष्ट. त्यांवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायद्याने बंदी घातली. ‘पैसे जिंका’ म्हणणारा खेळ दिसला तर काढूनच टाका.

वहिनींनी मोबाइल काढून घेतला नाही, कारण पुतण्याच्या अभ्यासाचे व्हिडिओ त्याच्यावरच येतात. पिन मात्र बदलला. विजेचे बिल आता त्या स्वतः भरतात. पुतण्या शेजारी बसून सांगतो, आणि पिन टाकायच्या वेळी त्याला तोंड फिरवावे लागते.