धनराशीपासून महामनीपर्यंत: हिंदी प्रश्नमंचावरचे संपत्तीचे शब्द

‘धन’ या शब्दाचा सर्वांत जुना अर्थ पैसा असा नाही. ऋग्वेदात तो शर्यतीत किंवा लढाईत पणाला लागलेल्या वस्तूसाठी, ती जिंकणाऱ्याच्या हाती येणाऱ्या बक्षिसासाठी, क्वचित खुद्द स्पर्धेसाठीही येतो. अर्जुनाच्या ‘धनंजय’ या नावात हाच जुना अर्थ टिकून आहे. पुढे धनाचा अर्थ साठवलेली मालमत्ता असा झाला आणि गणिताने त्याला ऋणाच्या विरुद्ध बाजूला बसवले. ब्रह्मगुप्ताने 628 साली ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरीज-वजाबाकीचे नियम दिले, तेव्हा धन म्हणजे गाठीशी असलेले आणि ऋण म्हणजे देणे हा व्यवहारातला अर्थ त्यामागे उभा होता. हिंदीने हे सगळे वारशात घेतले: धनी, धनवान, निर्धन, धनतेरस. त्यात ‘राशि’ म्हणजे ढीग किंवा परिमाण हा शब्द जोडून ‘धनराशि’ तयार झाला. तो बँकेच्या, सरकारी पत्रव्यवहाराच्या आणि पुरस्कार-समित्यांच्या हिंदीत रुळला. घरात किंवा बाजारात तो फारसा कोणी वापरत नसे.

हिंदीतील संपत्तीच्या शब्दांचा दुसरा मोठा प्रवाह अरबी-फारसीतून आला. ‘दौलत’ या अरबी शब्दाच्या मुळाशी फिरणे, पालटणे हा अर्थ आहे. सत्तेचा फेरा ज्याच्याकडे आला त्याची ती दौलत, म्हणून राज्य किंवा राजवंश असा अर्थ झाला आणि शेवटी ऐश्वर्य व पैसा. मराठीत राज्य हा अर्थ पेशवाईतही जिवंत होता. शिंद्यांची किंवा होळकरांची दौलत म्हणजे त्यांची तिजोरी नव्हे, त्यांचा मुलूख आणि अधिकार. देवगिरीचे दौलताबाद झाले तेही याच शब्दामुळे. ‘अमीर’ हा मुळात हुकूम देणारा, ‘रईस’ हा प्रमुख. दोघेही हिंदीत श्रीमंत झाले. ‘रक़म’ म्हणजे लिहिलेला आकडा. ‘माल’, ‘ख़ज़ाना’, ‘मालामाल’ हे शब्द याच घराण्यातले. ‘इनाम’ची गोष्ट मराठी वाचकाला जवळची आहे. मराठी मुलखात इनाम म्हणजे सनदेने मिळालेली, सारामाफीची जमीन. इनामदार हे आडनाव त्यातूनच आले. हिंदीत मात्र इनाम म्हणजे साधे बक्षीस, आणि दूरचित्रवाणीने हाच अर्थ उचलला. ‘धन-दौलत’ या जोडशब्दात हे दोन्ही प्रवाह शेजारी बसतात.

तिसरा गट मोजणीचा. लाख हा ‘लक्ष’वरून आला, करोड ‘कोटि’च्या प्राकृत रूपातून, अरब ‘अर्बुद’वरून आणि खरब ‘खर्व’वरून. या संख्यांना ‘पति’ म्हणजे स्वामी जोडला की लखपति, करोड़पति, अरबपति होतात. संख्येलाच माणसाची ओळख बनवणारी ही रचना आहे. तिची अडचण अशी की चलन घसरत गेले की ओळखही घसरते. लखपति हा एकेकाळी गावातला सर्वांत मोठा सावकार होता. आज केंद्र सरकारच्या ‘लखपति दीदी’ योजनेत तो शब्द वर्षाला किमान एक लाख रुपये कौटुंबिक उत्पन्न असलेल्या बचतगटातील स्त्रीसाठी वापरला जातो; साठ्याच्या जागी वार्षिक मिळकत आली. ‘करोड़पति’चा दबदबा जास्त काळ टिकला. न्यू थिएटर्सने 1936 साली कुंदनलाल सैगल यांना घेऊन याच नावाचा चित्रपट काढला होता.

या तिन्ही गटांना दूरचित्रवाणीने एकत्र आणले ते 3 जुलै 2000 रोजी. स्टार प्लसवर अमिताभ बच्चन यांनी ‘कौन बनेगा करोड़पति’ सुरू केले. मूळ ब्रिटिश कार्यक्रम 1998 सालचा, आणि त्याच्या नावात ‘मिलियनेअर’. मिलियन म्हणजे दहा लाख. पण हिंदीत दहा लाखांच्या धन्याला वेगळा शब्द नाही. लखपति खाली राहतो, करोड़पति वर. सुरुवातीचा बेत लखपतिचाच होता. तो बदलून बक्षीस एक कोटी करण्यात आले आणि शब्दही बदलला. हा निर्णय बाजाराचा असला तरी भाषेच्या दृष्टीने तोच योग्य ठरला, कारण 2000 साली पगारदार शहरी प्रेक्षकाला लाख ही अगदीच दुर्मिळ रक्कम राहिली नव्हती.

पहिल्या पर्वात 15 प्रश्न होते. रक्कम एक हजारापासून सुरू होई, दहा हजारांनंतर बहुतेक पायऱ्यांवर दुप्पट होत जाई: वीस, चाळीस, ऐंशी हजार, मग 1,60,000 आणि 3,20,000. दहा हजार आणि 3,20,000 हे दोन टप्पे सुरक्षित होते. त्यांना हिंदीत ‘पड़ाव’ म्हटले गेले. पड़ाव म्हणजे प्रवासातला मुक्काम. या एका शब्दाने पैशाची शिडी यात्रा झाली. जिंकलेल्या पैशाला बच्चन ‘धनराशि’ म्हणत. ‘पैसा’, ‘माल’, ‘रक़म’ हे शब्द जवळ असताना कार्यालयीन हिंदीतला हा भारदस्त शब्द निवडणे ही कार्यक्रमाची खरी भाषिक कमाई आहे. मध्यमवर्गीय घरात पैशाबद्दल उघड बोलायला जो संकोच असतो, तो धनराशि म्हटल्यावर उरत नाही; ऐकणाऱ्याच्या मनात जुगार येत नाही, सन्मान येतो. ‘देवियो और सज्जनो’ या संबोधनाने आणि संगणकालाही ‘जी’ लावण्याने हाच सूर सांभाळला गेला. आर. डी. तैलंग यांच्या संहितालेखनाचाही यात मोठा वाटा आहे. 2012 सालच्या पर्वाचे घोषवाक्य ज्ञानच माणसाला त्याचा ‘हक़’ मिळवून देते, असे सांगणारे होते. तिथे बक्षीस हे दानही राहिले नाही आणि नशीबही. ते हक्काचे देणे झाले. ऑक्टोबर 2000 मध्ये पहिला कोटी मुंबईच्या हर्षवर्धन नवाथे यांनी जिंकला.

प्रतिस्पर्धी वाहिन्यांनी मात्र वेगळे शब्द निवडले. झी टीव्हीच्या ‘सवाल दस करोड़ का’ने दहापट आकडाच नावात ठेवला. सोनीच्या ‘जीतो छप्पर फाड़ के’ने, ज्याचे सूत्रसंचालन गोविंदा करत, म्हणीचा आधार घेतला: देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो. हा दैवाचा शब्दसंग्रह आहे, त्यात स्पर्धकाच्या ज्ञानाला जागा नाही. खुद्द स्टार प्लसवरच्याच ‘खुल जा सिम सिम’ने अलीबाबाची गुहा आणि तिथला खजिना आठवून दिला. या कार्यक्रमांपैकी एकालाही ‘करोड़पति’इतके आयुष्य मिळाले नाही. त्याला कारणे अनेक आहेत, पण ‘बनेगा’ या क्रियापदाने दिलेले आश्वासन त्यांतले एक नक्की आहे. पैसा मिळण्यापेक्षा कोणीतरी बनण्याची आस हिंदी पट्ट्यातल्या लहान गावांत अधिक खोल आहे.

बक्षीस वाढले तसे एकटे ‘करोड़’ पुरेनासे झाले. 2005 सालच्या दुसऱ्या पर्वात बक्षीस दोन कोटी झाले आणि नावापुढे ‘द्वितीय’ लागले. 2011 साली पाच कोटींच्या बक्षिसासाठी ‘पंचकोटि महामनी’ हा शब्द घडवला गेला. ते बक्षीस बिहारमधील मोतिहारीच्या सुशील कुमार यांनी जिंकले. या शब्दात संस्कृत संख्या, संस्कृत उपसर्ग आणि इंग्रजी नाम एकत्र आहेत. घडण ओबडधोबड वाटते, तरी त्या काळच्या वाहिन्यांची हिंदी तिच्यात जशीच्या तशी दिसते. विशेष म्हणजे आकडा वाढताच हिंदी कार्यक्रमाला करोड सोडून ‘कोटि’कडे परतावे लागले. 2022 साली, स्वातंत्र्याच्या अमृत महोत्सवाच्या निमित्ताने, 75 लाखांचा ‘धन अमृत’ पड़ाव आला आणि धन पुन्हा एकदा नावात झळकले.

कायद्याने या साऱ्या शब्दांना एकाच खान्यात टाकले आहे. लॉटरी, शब्दकोडी, पत्त्यांचे खेळ यांतील जिंकलेल्या रकमेवर आयकर कायद्याने 30 टक्के कर बसवला आणि 2001 च्या वित्त कायद्याने दूरचित्रवाणीवरील बक्षिसांचे खेळही त्या व्याख्येत आणले. एक कोटी जिंकणाऱ्याच्या हाती अधिभार न धरताही 70 लाखच पडतात. ज्ञानाचा हक्क आणि लॉटरीचे नशीब हा फरक करखाते मानत नाही. स्पर्धकांच्या कष्टाकडे पाहता तो मानायला हवा होता.

इतर भाषांनी हाच कार्यक्रम घेताना आपापले शब्द जपले. तमिळमध्ये ‘कोडीश्वरन’, मल्याळममध्ये ‘कोडीश्वरन’चेच रूप, तेलुगूत ‘कोटीश्वरुडु’, कन्नडमध्ये ‘कोट्याधिपति’, बंगालीत ‘कोटिपति’. ईश्वर, अधिपति, पति असे धनीपणाचे तीन शब्द, पण संख्या सगळीकडे कोटीच. भोजपुरीने ‘के बनी करोड़पति’ असे हिंदीजवळचे नाव घेतले. मराठीचे वागणे यांत वेगळे आहे. मराठी माणूस हिशेब कोटीत करतो आणि श्रीमंताला लक्षाधीश, कोट्यधीश, अब्जाधीश म्हणतो. हिंदीचा अरब मराठीत अब्ज आहे. तरीही 2013 साली ई टीव्ही मराठीवर सचिन खेडेकर यांच्या सूत्रसंचालनात आलेला कार्यक्रम ‘कोण होईल मराठी करोडपती’ होता, आणि 2019 साली सोनी मराठीवर नागराज मंजुळे यांच्यासह आला तोही ‘कोण होणार करोडपती’. हिंदी कार्यक्रमाची ओळख इतकी पक्की झाली होती की तमिळ-कन्नडप्रमाणे स्वतःचा शब्द पुढे करण्याचे धाडस मराठी वाहिन्यांनी केले नाही. त्याच 2019 साली हिंदी कार्यक्रमात अमरावती जिल्ह्यातील शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बबिता ताडे यांनी एक कोटी जिंकले. मराठी वृत्तपत्रांच्या मथळ्यांतही त्या ‘करोडपती’ झाल्या.