टोचनगाडीचा गिअरबॉक्स

‘टोचन’ या शब्दाचा ‘टोचणे’ या क्रियापदाशी काही संबंध नाही. इंग्रजीतली ‘टो-चेन’ म्हणजे ओढण्याची साखळी. ड्रायव्हर-क्लीनरांच्या तोंडी तिचे टोचन झाले आणि मग ‘गाडी टोचन केली’, ‘टोचन लावून आणली’ असे प्रयोग सुरू झाले. आता साखळीच्या जागी लोखंडी दांडा किंवा तारेचा दोर आला, शब्द मात्र साखळीचाच राहिला. मी स्पेअर पार्टच्या दुकानात हिशेब लिहीत उमेदीची वर्षे काढली. कॉलेजात यंत्रशास्त्र शिकलो नाही. जे कळले ते गॅरेजात उभे राहून, मॅन्युअले चाळून आणि मिस्त्र्यांना नको तितके प्रश्न विचारून. अशा शब्दांची आणि त्यांच्यामागच्या यंत्रांची वही मी बरीच वर्षे ठेवतो आहे. त्या वहीतले एकच प्रकरण इथे मांडतो : जुन्या लष्करी डिझेल ट्रकची टोचनगाडी करताना त्याचा गिअरबॉक्स बदलणे.

हा ट्रक म्हणजे शक्तिमान. तरुण वाचकांना या नावाने दूरदर्शनवरचे मुकेश खन्ना आठवतील. ती मालिका १९९७ ची. ट्रक तिच्याहून जवळजवळ चाळीस वर्षांनी वडील. जर्मनीच्या मान कंपनीशी करार होऊन १९५९ साली जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीतून पहिले शक्तिमान बाहेर पडले. तेव्हा कृष्ण मेनन संरक्षणमंत्री होते. पुढे १९६९ मध्ये जबलपुरातच वाहनांसाठी वेगळा कारखाना उभा राहिला. त्याच गावाने लष्कराला जोंगाही दिली. जोंगा म्हणजे ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली’ची आद्याक्षरे. आणि मान ही कंपनी अशी की रुडॉल्फ डिझेलने आपले पहिले यशस्वी इंजिन १८९७ मध्ये तिच्याच आउग्सबुर्गच्या कारखान्यात चालवून दाखवले होते. म्हणजे मूळ पुरुषाच्या घरचे इंजिन लिलावात निघून आमच्या काळ्या रानात येऊन पोचले.

पालम हे गंगाखेड आणि लोहा यांच्या मधले तालुक्याचे गाव. गोदाकाठची जमीन भारी, चिकण. दक्षिणेला बालाघाटचे चढ. हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा उसाचा हंगाम तोंडावर असेल. परतीचा पाऊस लांबला की उसाने भरलेली गाडी फडातून निघताना आसापर्यंत रुतते. तिला ओढायला चारही चाकांना जोर असलेली, उंच, जड आणि सावकाश चालणारी गाडीच लागते. वेग तिथे कामाचा नसतो.

अशा एका शक्तिमानचा गिअरबॉक्स आमच्याकडच्या एका गॅरेजात बदलला, तेव्हा मी वही घेऊन हजर होतो. इंजिन धडधाकट होते. गिअरबॉक्समध्ये पहिल्या गिअरचे दाते झिजून टोकदार झाले होते, लेशाफ्टचे बेरिंग वाजत होते. जबलपूरचे सुटे भाग तालुक्याच्या बाजारात मिळत नाहीत. टाटाचे मात्र कोणत्याही गावात मिळतात. म्हणून जुन्या १२१० ट्रकचा जीबी-४० गिअरबॉक्स आणला. हे ‘जे मिळते ते बसवा’ तंत्र नवे नाही. महायुद्धानंतर विकल्या गेलेल्या पेट्रोल ट्रकांत पर्किन्सचे पी-सिक्स डिझेल इंजिन बसवणारी एक अख्खी पिढी होऊन गेली. वालचंद हिराचंदांच्या कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातल्या फार्गो-डॉजच्या पोटातही पर्किन्स धडधडत असे.

आता मुळात गिअरबॉक्स काय करतो? डिझेल इंजिनाचा जोर ठरावीक फेऱ्यांच्या टप्प्यातच मिळतो. गिअरबॉक्स फेऱ्या कमी करून त्या प्रमाणात जोर वाढवतो. सोयीचे गोल आकडे घेऊ. समजा इंजिन मिनिटाला १५०० फेरे फिरते, मागच्या हाऊसिंगमधले क्राउन-पिनियन सहास एक आहे आणि चाकाचा घेर ३.४ मीटर आहे. टॉपला, म्हणजे गिअरबॉक्स एकास एक असताना, चाक मिनिटाला २५० फेरे फिरेल आणि गाडी ताशी ५१ किलोमीटर जाईल. पहिला गिअर सातास एक असेल तर वेग ताशी सव्वासात. ट्रान्सफर केसच्या खालच्या गिअरने त्याचेही निम्मे केले तर साडेतीन, म्हणजे माणसाच्या चालीहून कमी.

जोराचा हिशेब याच्या उलट चालतो. इंजिन ३५ किलोग्रॅम-मीटरचा पीळ देते असे धरा. त्याला सात आणि सहाने गुणले आणि चाकाच्या त्रिज्येने, ०.५४ मीटरने, भागले की सुमारे २७०० किलोची ओढ येते. दात्यां-बेरिंगांत दहा टक्के गेले तरी २४०० च्या वर उरते. आता टोचनगाडी आणि मागची बंद गाडी मिळून २० टन वजन, चढ दहास एक. चढासाठी २००० किलो आणि चाके लोळवण्यासाठी दोन टक्के म्हणजे ४०० : जेमतेम जमले. पण बदललेल्या गिअरबॉक्सचा पहिला गिअर पाचास एक निघाला तर ओढ १९५० वर येते आणि गाडी अर्ध्या चढावर थांबते. सपाटीवर हीच गाडी मालकाला अधिक पळते म्हणून आवडलेली असते. ट्रान्सफर केसचा खालचा गिअर अशा वेळी वाचवतो, पण तो आधीच टाकून ठेवावा लागतो; चढावर थांबल्यावर आठवून चालत नाही.

थांबणे ही इथे केवळ गैरसोय नसते. दोन गाड्यांच्या मध्ये क्लीनर असतो. मागच्या चाकाला दगड लावायचे काम त्याचे, आणि वीस टन मागे सरकू लागले की त्याच्याजवळ तीन-चार सेकंद असतात. म्हणून गिअरबॉक्स घेताना पहिला प्रश्न भावाचा नसून दात्यांचा असला पाहिजे. एकाच नावाचे गिअरबॉक्स वेगवेगळ्या प्रमाणांचे येतात आणि भंगारातल्या नगावरची पट्टी बहुधा गेलेली असते. आमच्या मिस्त्रींची युक्ती सोपी आहे. पहिला गिअर टाकायचा, मागच्या फ्लँजवर खडूने खूण करायची, पुढचा शाफ्ट हाताने फिरवायचा आणि फ्लँज एक फेरा पुरा करेपर्यंत पुढचे फेरे मोजायचे. “पट्टी खोटी ऱ्हाती भाऊ, दाते खोटं बोलत न्हाईत,” असे ते मला म्हणाले.

प्रमाण पटले की खरे काम सुरू होते. दोन वेगळ्या कंपन्यांच्या घंट्या, म्हणजे क्लचभोवतीचे कवच, एकमेकांवर बसत नाहीत. बोल्टांची भोके जुळत नाहीत. मध्ये जाड पोलादी प्लेट कापून घ्यावी लागते. लेथवाला ती छान चकाकती करून देतो आणि इथेच लोक फसतात. भोके जुळणे म्हणजे मध्य जुळणे नव्हे. क्रँकशाफ्टचा अक्ष आणि गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचा अक्ष एकाच रेषेत हवेत. फ्लायव्हीलवर डायल गेज बसवून इंजिन हाताने एक फेरा फिरवायचे आणि काटा किती हलतो ते पाहायचे. पाव मिलिमीटरच्या आत हवा. मिस्त्रींनी दोन दिवस यातच घालवले. प्लेट सैल करायची, तांब्याच्या हातोडीने टकटक करायची, पुन्हा मोजायचे. शेवटी डॉवेल पिना ठोकून जागा पक्की केली. मालक चहा पाजून थकला. हा काटा ज्यांनी पाहिलेला नसतो त्यांची क्लचप्लेट मधल्या हबपाशी फाटते किंवा ओढीत गिअर आपोआप निसटतो. चढावर गिअर निसटणे म्हणजे काय, ते वर आलेच आहे.

शाफ्टची लांबीही पाहावी लागते. त्याचे टोक फ्लायव्हीलच्या मधल्या पायलट बेरिंगमध्ये नेमके बसले पाहिजे. प्लेटच्या जाडीने गिअरबॉक्स तेवढा मागे सरकतो आणि टोक अपुरे पडते. मग बेरिंगसाठी वेगळी बुश करून घ्यावी लागते. क्लचप्लेट संकरित असते : बाहेरचा घेर इंजिनाच्या प्रेशर प्लेटला जुळणारा, आतल्या खाचा टाटाच्या शाफ्टच्या.

मागच्या बाजूला गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस यांच्यामधला आखूड शाफ्ट नव्या मापाचा करावा लागतो. त्यातला क्रॉस तिरपा चालला की पुढचे टोक एका वेगाने फिरत असताना मागचे टोक दर फेऱ्यात दोनदा पुढे धावते आणि दोनदा रेंगाळते. दुसऱ्या टोकाचा क्रॉस त्याच कोनात आणि एकाच फेजमध्ये बसवला तरच ही धावपळ फिटते. नाहीतर गाडी विशिष्ट वेगाला थरथरते आणि लोक उगाच चाके बॅलन्स करत बसतात. आणखी एक जागा डोळ्यांत तेल घालून पाहण्याची : काही गाड्यांत हँडब्रेकचा ड्रम गिअरबॉक्सच्याच मागे असतो. जुना गिअरबॉक्स उतरला की तोही उतरतो. नवीन बसला, गाडी चालली, आनंदीआनंद झाला. हँडब्रेकची दांडी मात्र नुसती हवेत फिरते.

चालवण्याची कलाही बदलते. १८९१ च्या सुमारास फ्रान्समध्ये लवासोरने सरकत्या दात्यांचा गिअरबॉक्स रूढ केला. दात्यांचे वेग आपोआप जुळवणारी सिंक्रो पद्धत कॅडिलॅकने १९२८ मध्ये आणली. या दोन्हींच्या मधले कॉन्स्टंट मेश गिअरबॉक्स आपल्या ट्रकांत कितीतरी वर्षे टिकले. त्यांत खालचा गिअर टाकताना क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून थोडी रेस, पुन्हा क्लच आणि मग गिअर, असा डबल क्लच मारावा लागतो. जुन्या ड्रायव्हरांना तो श्वासासारखा येतो. नव्या पोरांना येत नाही, म्हणून मालक सिंक्रोवाला जीबीएस-४० शोधतात. त्यात तेलाची पथ्ये वेगळी. क्राउनसाठीचे तीव्र रसायनांचे तेल गिअरबॉक्समध्ये ओतले तर सिंक्रोच्या पितळी कड्या खराब होऊ शकतात. ‘नव्वद नंबर’ म्हटल्याने फक्त जाडी कळते, जात कळत नाही.

ओढणाऱ्या गाडीइतकीच ओढल्या जाणाऱ्या गाडीची काळजी घ्यावी लागते, आणि याबद्दल गॅरेजाबाहेर फारच कमी बोलले जाते. बंद गाडी न्यूट्रलमध्ये ओढली तरी तिची मागची चाके प्रोपेलर शाफ्टमार्फत गिअरबॉक्सचा मागचा शाफ्ट फिरवतच राहतात. तेल उडवून वर पोचवणारा लेशाफ्ट मात्र इंजिनाकडून फिरतो, आणि इंजिन तर बंद. वरची बेरिंगे कोरडी फिरतात. दहा-वीस किलोमीटरांत निळा धूर निघतो आणि केवळ पंप बिघडलेल्या गाडीचा गिअरबॉक्सही जातो. म्हणून टोचन लावण्याआधी प्रोपेलर शाफ्ट सोडवायचा किंवा मागचे एक्सल ओढून काढायचे. चार बोल्टांचे काम असते, पण रात्री पावसात रस्त्याच्या कडेला ते कुणालाच करायचे नसते.

कागदाचीही एक बाजू आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीपुस्तकातला तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलापासून वेगळा होईल असा बदल मनाने करता येत नाही. लिलावातल्या ट्रकवर क्रेन चढवायची तर आरटीओचा उंबरा आलाच. नोंदणीपुस्तकात चेसिस नंबर असतो, इंजिन नंबर असतो. गिअरबॉक्सच्या नंबराला मात्र रकाना नाही. त्यामुळे कोणत्या ट्रकच्या पोटात कुणाचा गिअरबॉक्स आहे हे फक्त बसवणाऱ्याला ठाऊक असते. आमचे मिस्त्री सत्तरीला आले. गॅरेज पुढे चालवणारे घरात कुणी नाही. म्हणून त्यांनी मला विचारून एक गोष्ट केली : दाराच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रंगाने पाचही गिअरांची प्रमाणे, तेलाची जात आणि क्लचप्लेटचे माप लिहून ठेवले. आकडे मी मोजले, अक्षर त्यांचे.

गाडी पहिल्यांदा रिकामी फिरवली, मग अर्ध्या ओझ्याने. पाचशे किलोमीटरांनंतर तळाचा लोहचुंबकी बूच काढला तेव्हा त्याला राखाडी, मऊ, लोण्यासारखा थर चिकटलेला होता. दोन बोटांत चोळून मिस्त्रींनी तो उजेडात धरला. कण हाताला लागत नव्हते. त्यांनी तेल बदलले, बूच आवळला आणि मालकाला पुढची तारीख दिली.