कैसरचा जिवलग आणि चुकीचा खटला

जर्मन सम्राट दुसरा विल्हेल्म याचा जिवलग मित्र प्रिन्स फिलिप ऑयलेनबुर्ग म्हटले, की लोकांना त्याच्यावरचा खटलाच आठवतो. त्याने राज्यकारभारात काय केले, हे मात्र बाजूलाच राहते.

१८९० मध्ये चॅन्सेलर बिस्मार्कला त्यानेच घालवले, असे सर्रास सांगतात. हे खरे नाही. चॅन्सेलर आणि तरुण सम्राट यांचे बिनसले ते समाजवाद्यांविरुद्धच्या कायद्यावरून, मजुरांविषयीच्या धोरणावरून आणि मंत्र्यांनी सम्राटाला परस्पर भेटावे की नाही यावरून. ऑयलेनबुर्गने सम्राटाला धीर दिला, भांडण लावले नाही.

याच्या अगदी उलट समज असा, की तो नुसता गाण्याबजावण्यातला खुशमस्कऱ्या होता. दिसायला तसेच दिसे. १८८६ मध्ये पूर्व प्रशियातल्या शिकारीत दोघांची गट्टी जमली. विल्हेल्म बारा वर्षांनी लहान. ऑयलेनबुर्ग पियानोवर स्वतःच्या रचना गाई, तेव्हा विल्हेल्म शेजारी बसून स्वरलिपीची पाने उलटी. पण याच जवळिकीतून पुढे नेमणुका ठरू लागल्या. १८९४ ते १९०२ या काळात तो व्हिएन्नात राजदूत होता, तरी त्याची पत्रे थेट सम्राटाच्या हाती पडत. त्याचा मित्र ब्यूलो १८९७ मध्ये परराष्ट्रखात्यावर आला आणि १९०० मध्ये चॅन्सेलर झाला, तो याच वाटेने. आपण सम्राटाच्या इच्छेचे हत्यार होऊ, हे वचन ब्यूलोने १८९६ मध्येच एका पत्रात देऊन ठेवले होते. तेही संसदेला नाही, ऑयलेनबुर्गला! वंशवादी लेखक चेंबरलेनची सम्राटाशी गाठ पडली तीही १९०१ मध्ये, ऑयलेनबुर्गच्याच लीबेनबेर्गच्या वाड्यात.

तो दोषी ठरला, हाही गैरसमजच. तो सम्राटाला फ्रान्सपुढे नमते घ्यायला लावतो, असा पत्रकार हार्डेनचा संशय होता. १९०६ पासून त्याने हल्ला चढवला, पण हत्यार निवडले ते समलैंगिकतेच्या आरोपाचे. जर्मन दंडसंहितेच्या कलम १७५ खाली तो गुन्हा होता. हा आरोप ऑयलेनबुर्गने शपथेवर नाकारला, म्हणून १९०८ मध्ये त्याच्यावर खोटी शपथ घेतल्याचा खटला उभा राहिला. प्रकृती ढासळल्याने कामकाज थांबले, ते कधीच पुरे झाले नाही. १९२१ मध्ये तो वारला, तेव्हाही निकाल लागलेला नव्हता. सम्राटाने मात्र १९०७ मध्येच पाठ फिरवली होती. माणसाच्या खासगी प्रेमाची अशी चव्हाट्यावर चिरफाड करणे हा अन्यायच होता.

तो जवळ असता तर १९१४ चे युद्ध टळले असते, असे त्याचे चाहते म्हणत आले. पण खटल्याच्या कितीतरी आधीच त्याचे वजन उतरले होते. शिवाय सम्राटाने मंत्री आणि संसद यांना न जुमानता एकहाती राज्य करावे, हा हट्ट त्यानेच जोपासला होता. या गोष्टीचा जाब त्याला कोणत्याही न्यायालयाने विचारला नाही. इतिहासकार जॉन रोल यांनी १९७६ पासून त्याचा पत्रव्यवहार तीन खंडांत छापला, तेव्हा हा कारभार पत्रागणिक उघडा पडला.