सूप, गाणं आणि खून

जेवताना माणसं बोलतात. शेजारच्याला पाव पुढे करतात, पाणी मागतात, मुलांच्या शाळेची चौकशी करतात. रहस्यनाटकाला मात्र कान देऊन बसलेला प्रेक्षक लागतो. मोक्याचं एक वाक्य निसटलं, तर शेवटचा उलगडा त्याला पटतच नाही. ही दोन्ही कामं एकाच हॉलमध्ये, एकाच संध्याकाळी चालवायची, मधे गाणी गायची आणि सगळं हसतखेळत पार पाडायचं, असा एक नाट्यप्रकार अमेरिकेत चांगला रुजला आहे. संगीत, विनोद, खून आणि जेवण यांची मोट नेमकी कशी बांधतात, ते सावकाश पाहण्यासारखं आहे.

जेवण आणि नाटक एका छपराखाली आणण्याची तिथली सुरुवात साधारणपणे १९५३ पासून मानतात. त्या वर्षी व्हर्जिनियातल्या हॅनोव्हर टॅव्हर्न या जुन्या खाणावळीत बार्क्सडेल थिएटरच्या मंडळींनी प्रयोग सुरू केले. १९६४ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्रीन्सबरोला बार्न डिनर थिएटर उभं राहिलं. तिथे हॉलच्या मध्यभागी आधी बुफे मांडलेला असे. जेवणं उरकली की ती जागा मोकळी व्हायची आणि रंगमंच छतावरून खाली उतरायचा. अशा थिएटरांत नटच पुष्कळदा वाढप्याचंही काम करत. १९६८ मध्ये मिनेसोटात सुरू झालेलं चॅनहॅसन आजही मोठमोठी संगीत नाटकं करतं. मात्र या ठिकाणी जेवण आधी आणि नाटक नंतर, असा क्रम असतो. खुनाच्या नाटकात हा क्रम मोडतो. इथे प्रवेश आणि पदार्थ एकाआड एक येतात, आणि खरी कसोटी तिथेच लागते.

संहितेला हात घालण्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते: खुनी लेखकाने ठरवायचा की प्रेक्षकांनी? दोन्ही परंपरा भक्कम आहेत. ‘शिअर मॅडनेस’ हे पाउल प्योर्टनरच्या १९६३ मधल्या जर्मन नाटकावरून बेतलेलं नाटक १९८० मध्ये बॉस्टनला आलं आणि तिथे चार दशकं चाललं. केशकर्तनालयात घडणाऱ्या या नाटकात वरच्या मजल्यावरच्या पियानोवादक बाईचा खून होतो, प्रेक्षक संशयितांची उलटतपासणी घेतात आणि शेवटी मत देतात. १९९७ च्या ‘क्लू’ या संगीतिकेत प्रयोगाआधी प्रेक्षक पत्ते काढतात. सहा संशयित, सहा हत्यारं, सहा खोल्या, म्हणजे शेवट २१६ प्रकारे होऊ शकतो.

या सगळ्यांत सर्वांत सुंदर बांधणी मला ‘द मिस्टरी ऑफ एडविन ड्रूड’ची वाटते. चार्ल्स डिकन्स १८७० मध्ये वारला तेव्हा त्याच नावाची त्याची कादंबरी अर्धवट राहिली होती. बारा भागांचा बेत होता, सहाच छापून झाले. रूपर्ट होम्सने ती घेऊन १९८५ मध्ये संगीतिका लिहिली. गोष्ट, गीतं आणि संगीत तिन्ही त्याचं. व्हिक्टोरियन काळातली एक नाटक कंपनी हा खेळ करते आहे, अशी त्याने कल्पना केली. कंपनीचा चालक ‘चेअरमन’ प्रेक्षकांशी थेट बोलतो, नटांची ओळख करून देतो, गोष्ट भरकटली तर रुळावर आणतो. आपल्या संगीत नाटकातल्या सूत्रधाराशी त्याचं नातं चटकन ओळखू येतं. डिकन्सची लेखणी जिथे थांबली तिथे खेळ थांबतो आणि पुढचं प्रेक्षक ठरवतात: गुप्त वेशातला शोध घेणारा कोण, खुनी कोण, प्रेमिक कोणते. संभाव्य खुन्यांपैकी प्रत्येकाचा कबुलीजबाब गाण्यात तयार असतो. ‘ड्रूड’ मुळात जेवणाचं नाटक नाही, ब्रॉडवेवर ते साध्या खुर्च्यांतल्या प्रेक्षकांसमोर झालं. पण जेवणघरात खेळ बसवणाऱ्यांनी त्या चेअरमनकडून शिकावं असं पुष्कळ आहे. हॉल गप्पांनी भरलेला असताना सगळ्यांचं लक्ष एका क्षणात स्वतःकडे ओढून घेणारा असा माणूस जवळ नसेल, तर पुढचा प्रवेश सुरूच होत नाही.

मतदानाच्या शेवटाला तालमी फार लागतात. चार संशयित असतील तर चार कबुल्या, चार गाणी, आणि पियानोवाल्यापुढे चारही स्वरलिप्या उघड्या. नवख्या मंडळींनी खुनी आधीच ठरवून ठेवावा असं माझं मत आहे. तेव्हा प्रेक्षक ओळखतात, आणि बरोबर ओळखणाऱ्या टेबलाला बक्षीस मिळतं.

आता कामाची रीत समजण्यासाठी एक गोष्ट रचू. साल १९३५, अटलांटिक ओलांडणारं प्रवासी जहाज. त्यावरचा गाजलेला गायक सूप संपता संपता मरून पडतो. संशयित चार: त्याची जोडीदार गायिका, जहाजाचा डॉक्टर, एक श्रीमंत विधवा आणि मुख्य वाढपी.

पहिलं गाणं या चौघांची ओळख करून देणारं. प्रत्येकाला एक कडवं, आणि त्या कडव्यात त्याचं गायकाशी असलेलं वैर हसत हसत सांगितलेलं. लोक अजून कोट काढत असतात, सॅलड नुकतंच समोर आलंय, म्हणून ध्रुवपदात चौघांची नावं पुन्हा पुन्हा यायला हवीत. दुसरं गाणं वाढप्याचं. वादळात कोठारातलं काय काय समुद्रात गेलं त्याची तो लांबलचक रडकथा गातो: पिठाची पोती गेली, हॅम गेलं, लिंबांची पेटी गेली, कप्तानाची टोपीसुद्धा गेली. हशा टोपीला येतो. टोपी शेवटी ठेवायची ती त्याचसाठी. लिंबं तिच्या अगदी आधी आहेत. ती ऐकू येतात, पण त्यांच्याकडे कुणी वळून पाहत नाही. तपास सुरू झाल्यावर डॉक्टर मेलेल्या गायकाचा चहाचा पेला उचलून दाखवतो. चहा गार झालाय, तळाशी लिंबाची चकती आहे. तिसरा दुवा विधवेकडे. ती टेबलाटेबलावर फिरताना सांगते, ‘मला बाई बोट लागते, पर्समध्ये लिंबू असल्याशिवाय मी पाऊल टाकत नाही.’ सुटे पाहिले तर हे तीनही दुवे निरुपद्रवी आहेत. तीन एकत्र ठेवले की विधवा सापडते.

इथे विनोद पडद्याचं काम करतो, पण प्रेक्षकाला फसवण्याची मुभा तो देत नाही. १९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्सने रहस्यकथेचे दहा नियम लिहिले, त्यांचा गाभा हाच होता की शोध घेणाऱ्याला जे दिसतं ते वाचकालाही दिसलं पाहिजे. पैसे मोजून आलेला, दोन तास डोकं लावणारा पाहुणा शेवटी ‘हे आम्हाला सांगितलंच नव्हतं’ म्हणाला, तर सगळं जेवण त्याला कडू लागतं. म्हणून महत्त्वाचा दुवा एकदा गाण्यात, एकदा डोळ्यांना दिसेल अशा वस्तूत आणि एकदा साध्या बोलण्यात, असा तीन वाटांनी यावा. कुणी पाणी मागताना एक वाट चुकला, तरी दुसरी सापडते. आणि दुवा असलेल्या गाण्याला प्रेक्षकांतून ‘वन्स मोअर’ आला, तर तो अवश्य द्यावा.

गाण्यांबाबत एक व्यवहाराची गोष्ट. गाजलेल्या चालीवर नवे शब्द बसवायचा मोह होतो, पण चालीचे हक्क कुणाचे तरी असतात, आणि गंमत म्हणून शब्द बदलले की परवानगी लागत नाही ही समजूत चुकीची आहे. तयार संगीतिका करायची तर तिच्या हक्कदार संस्थेकडून प्रयोगाचा परवाना घ्यावाच लागतो. स्वतःचं लिहिणाऱ्यांना गिल्बर्ट आणि सलिव्हन यांचा मोठा आधार आहे. सलिव्हन १९०० मध्ये वारला, गिल्बर्ट १९११ मध्ये. त्यांच्या मूळ चाली आता सगळ्यांना मोकळ्या आहेत, आणि जहाजावरच्या गोष्टीला १८७८ च्या ‘एच. एम. एस. पिनाफोर’सारखं दुसरं माहेर नाही.

आता स्वयंपाकघर. या प्रकारात नाटकाची वेळ मुदपाकखाना ठरवतो, दिग्दर्शक नव्हे, हे दिग्दर्शकाने जितक्या लवकर मान्य करावं तितकं बरं. शंभरेक माणसांना मुख्य पदार्थ वाढायला वीस मिनिटं सहज जातात. पहिल्या टेबलाचं खाऊन होत आलेलं असतं तेव्हा शेवटच्या टेबलापुढे ताटली येते. त्या वेळात गाणं लावलं, तर वाढपी नटांच्या आडवे येतात आणि काट्याचमच्यांच्या आवाजात शब्द बुडतात. म्हणून नियम सरळ: गाणं चालू असताना एकही ताटली हलणार नाही. रंगमंच व्यवस्थापकाचा एक माणूस स्वयंपाकघराच्या दारात हेडफोन लावून उभा असतो. ‘शेवटचं कडवं’ असा निरोप आला की ताटल्या भरायला सुरुवात, टाळ्या सुरू झाल्या की दार उघडतं. उलट बाजूने मुख्य आचारी ‘पाच मिनिटं उशीर’ म्हणाला, तर चेअरमनसारख्या सूत्रधाराच्या खिशात पाच मिनिटांचा मजकूर तयार हवा. एक तालीम खऱ्या वाढप्यांसह, खऱ्या ताटल्यांसह झाल्याशिवाय प्रयोगाला उभं राहू नये.

मुख्य पदार्थाचा वेळ टेबलाटेबलावरच्या गप्पांचा. पात्रं हॉलमध्ये उतरतात, पाहुणे त्यांना प्रश्न विचारतात. हे सगळं उत्स्फूर्त वाटतं, पण प्रत्येक नटाच्या खिशात एक छोटा कागद असतो. त्यावर तीन रकाने: प्रत्येक टेबलावर सांगायलाच हवं ते, कुणी विचारलं तर सांगायचं ते, आणि काही झालं तरी बोलायचं नाही ते. विधवेच्या पहिल्या रकान्यात लिंबू आहे. दुसऱ्यात नवऱ्याचं मृत्युपत्र. तिसऱ्यात ती केबिनमधून किती वाजता बाहेर पडली ती वेळ. एक टेबल जरी लिंबाविना राहिलं, तरी त्या टेबलावर अन्याय होतो, म्हणून कोण कुठल्या टेबलावर जाऊन आलं याच्या खुणा मदतनीस करत राहतो. खुनी सोडून बाकीच्यांनी घटनेबद्दल खोटं बोलायचं नाही, एवढी शिस्त पाळली की उत्स्फूर्तपणा कितीही मोकाट सुटू द्यावा. दोन पेले झालेला एखादा पाहुणा स्वतःच डिटेक्टिव्ह बनून उभा राहतो. त्याला गप्प करायचं नसतं. त्याला ‘डेप्युटी’ नेमून बसायला सांगितलं, की तो खूश आणि टेबलही खूश.

मरण कुठे यावं, हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा गंभीर आहे. टेबलांशी बसलेल्या माणसाला समोरच्यांच्या खांद्यांच्या वरचं तेवढंच दिसतं. गायक जमिनीवर कोसळला तर अर्ध्या हॉलला तो गायबच होतो. म्हणून त्याने उंच चौथऱ्यावर, खुर्चीत किंवा पियानोवर पडून मरावं. पिस्तुलाऐवजी विष बरं: बंदिस्त हॉलमध्ये बार काढण्याची जोखीम नको, आणि म्हातारी माणसं दचकत नाहीत. मात्र विषाची बाटली, पेला हे सामान वाढपाच्या ट्रेपासून कायम वेगळं, वेगळ्या टेबलावर, खुणेची पट्टी लावून ठेवावं. कुणाला शेंगदाणा वा कोळंबी सोसत नाही हे तिकिटाच्या वेळीच विचारून घ्यावं. खोट्या विषबाधेच्या गोंगाटात खरी लक्षणं कुणाच्या ध्यानात येणार नाहीत. प्रेत बराच वेळ पडून राहिलं तर नट अवघडतो, शिंकही येते. चादर टाकून वाढपाच्याच गाडीवरून त्याला आत नेतात आणि पुढच्या प्रवेशात तोच नट मिशी लावून इन्स्पेक्टर म्हणून येतो. छोट्या कंपनीला हे परवडतं आणि लोकांना फार आवडतं.

उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांना हा प्रकार सहज जमेल, कारण नाटक आणि जेवण एकाच संध्याकाळी करायची तिथे सवयच आहे. अडचण ताटाची. आपलं जेवण भाजी, आमटी, भात, गोड असं एकदम पानात येतं. मधल्या फटी राहत नाहीत, आणि फटी नसतील तर प्रवेश घालायचे कुठे? बुफेची रांग तर निम्म्या लोकांना उभं ठेवते. वडे किंवा कटलेट टेबलावर आणून द्यायचे आणि लोक ते खात असताना पहिलं गाणं उरकायचं. मग रांगा टेबलांच्या क्रमाने सोडायच्या. रांगेत उभ्या माणसांशी पात्रं बोलत राहिली तर तो वेळही चौकशीचा होतो. गोड पुन्हा टेबलावर.

गोडाबरोबर चिठ्ठ्या वाटायच्या. चिठ्ठीवर टेबलाचा नंबर, खुन्याचं नाव आणि खाली एक रिकामी ओळ: ‘कशावरून?’ ही ओळ कधी गाळू नये. नुसत्या नावाने चारांत एक नेम कुणाचाही लागतो. बक्षीस कारण बरोबर लिहिणाऱ्याला. कॉफी येईपर्यंत दोघंजण चिठ्ठ्या मोजतात, सूत्रधार त्यातले दोन-तीन भन्नाट तर्क मोठ्याने वाचून दाखवतो, मग उलगडा, विधवेचं कबुलीचं गाणं आणि सगळ्यांचं शेवटचं गाणं. प्रयोगानंतर दिग्दर्शक त्याच चिठ्ठ्या घेऊन बसतो. बहुतेकांनी लिंबू लिहिलं असेल तर ते फार उघड झालंय. कुणीच लिहिलं नसेल तर पुढच्या प्रयोगात लिंबांची पेटी टोपीपासून दूर, कडव्याच्या सुरुवातीला आणायची.